नावापुढचा राव

स्पेनमध्ये पुरुषाला आदराने हाक मारताना 'डॉन' लावतात, तो आडनावाला नव्हे, बारशाच्या नावाला. आपला 'राव' आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला 'जी' यांचीही रीत तीच: माधवराव, नामदेवजी. माझं म्हणणं असं की दोन्हीकडे हा मान आधी जमिनीच्या मागून आला आणि जमिनीची पकड सुटत गेली तसा सामान्य माणसापर्यंत पोचला. 'डॉन क्विक्झोट'च्या 1615 च्या दुसऱ्या भागात गावचे हिदाल्गो, म्हणजे कनिष्ठ सरदार, कुरकुरतात, ते याचसाठी: चार द्राक्षवेली आणि तुटपुंजी शेती असलेल्याने स्वतःला 'डॉन' म्हणवावं कसं?

झाडीपट्टीतल्या सौंदडच्या परिसरात हाच हिशेब तलावांच्या पाण्याने मांडला. जवळचा नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, अशी परंपरा आहे. पुढे 1860 च्या दशकात इंग्रजांच्या जमाबंदीने मध्य प्रांतातल्या मालगुजारांना गावाचे मालकी हक्क दिले. सारा त्यांच्या हातून, तलाव त्यांचा, मग कोणाच्या धानाला आधी पाणी हेही बरंचसं त्यांच्या मर्जीवर. अशा गावात मालगुजार 'पाटील' किंवा 'राव' आणि त्याच्या बांधीत राबणारा म्हातारा मात्र 'गण्या', 'म्हाद्या'. 1951 मध्ये मालगुजारी गेली. तलाव आजही 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणूनच ओळखले जातात. 'राव' आणि 'जी' मात्र कोणा एका घराण्याचे उरले नाहीत.

यावर कोणी म्हणेल, 'राव' तर कधीच सर्वांचा झाला होता. मल्हारराव, जोतीराव, भीमराव ही नावं काय सांगतात? मल्हारराव होळकरांमागे सरंजाम होता. जोतीरावांचं घर पुण्यातलं, भीमरावांचे वडील रामजी लष्करातले सुभेदार. शहर आणि छावणी, दोन्ही ठिकाणी गावच्या जमीनदाराची सत्ता पोचत नव्हती, म्हणूनच तिथे हा मान लवकर खुला झाला. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: संविधानाच्या अनुच्छेद 18 ने किताब बंद केले, मग असली संबोधनं हवीत कशाला? पण बंद झाले ते सरकारने बहाल केलेले रावबहादूर, रावसाहेब. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेल्या 'जी'ला सनद कधी लागलीच नाही. उलट, जिथे रोवणीला आलेल्या साठीच्या मजुराला तरुण शेतकरी आजही एकेरीत हाक मारतो, तिथे 1951 चं काम अर्धवट राहिलं आहे. त्या मजुराच्या नावापुढे 'जी' लागला पाहिजे, आणि तो बांधावर उभ्या असलेल्या मालकाच्या तोंडून लागला पाहिजे.