दोन नळ्यांची बंदूक डांगाणात का आली नाही

मंडळी, भात पोटरीत आलं की आपल्या राजूर-भंडारदरा पट्ट्यात झोप कमी होते. माळ्यावर बसायचं, डबे वाजवायचे, हाळ्या द्यायच्या. तरी सकाळी रानडुकरांनी लोळवलेला तुकडा दिसतोच. अशा दिवसांत मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघून तरुण पोरं विचारतात, एक नळी रायफलची आणि एक छर्‍याची, अशी जी जोडबंदूक मिळते ती आपल्याला परवडेल का? ससा, तित्तर, डुक्कर, सगळ्याला एकच. याचं उत्तर दुकानात मिळणार नाही, ते इतिहासात आहे. म्हणून थोडं लांब लिहितोय.

आधी वस्तू समजून घेऊ. छर्‍याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. छर्रे पसरत जातात, त्यामुळे उडता तित्तर नाहीतर पळता ससा जवळून पडतो. रायफलच्या नळीत पेचदार खाचा असतात, गोळी गिरकी घेत सरळ जाते आणि लांबचा नेम साधतो. दोन्ही कामं एकाच बंदुकीत बसवायची कल्पना युरोपात जुनी आहे. जर्मन शिकाऱ्यांनी ती तीन नळ्यांपर्यंत नेली, तिला ते ड्रिलिंग म्हणतात. १८८५ साली फॉसबेरी नावाच्या, इकडच्या बंगाल फौजेत राहिलेल्या अधिकाऱ्यानं वेगळीच युक्ती काढली. नळी जवळजवळ सगळी गुळगुळीत, खाचा फक्त तोंडाशी शेवटच्या काही इंचांत. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ती ‘पॅराडॉक्स’ नावानं विकली आणि हिंदुस्थानातल्या साहेब शिकाऱ्यांना ती फार आवडली. म्हणजे रान आपलं आणि बंदूक साहेबाची!

गरिबाची जोडबंदूक आली ती अमेरिकेत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्टीव्हन्स कंपनीनं वर पॉइंट टू-टूची रायफल आणि खाली पॉइंट फोर-टेनची छर्‍याची नळी अशी साधी बंदूक काढली. पुढं ती सॅव्हेज मॉडेल २४ म्हणून वर्षानुवर्षं चालली. शेतावरची पोरं ती घेऊन ससे-खारी मारायची. त्याच काळात आपल्या आजोबा-पणजोबांकडे काय होतं? गोफण, गलोल, तिरकामठा, सशाची वाघर. आणि गावात एखाद्याच घरी ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू घाला, गजानं ठासा, छर्रे घाला, टोपी लावा आणि एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

हा फरक नुसत्या पैशाचा नाही.

१८१८ ला पेशवाई गेली आणि गडांवरच्या शिबंदीचं काम संपलं. आपल्या डोंगरातल्या महादेव कोळी नाईकांचा मान आणि पोट दोन्ही त्यावर होतं. पुढची तीस वर्षं इथं बंडं पेटत राहिली. देवगावचे राघोजी भांगरे सावकारांवर आणि कंपनी सरकारवर उठले आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्यानंतरचं मात्र जयंतीच्या भाषणांत सहसा येत नाही. १८५७ च्या ऑक्टोबरात नांदूर-शिंगोट्याला भागोजी नाईकांच्या भिल्लांशी लढताना लेफ्टनंट हेन्री पडला. तेव्हा इंग्रजांनी कोळ्यांचीच पलटण उभारली. नट्टल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली याच डोंगरातली माणसं सरकारी हत्यार घेऊन उभी राहिली. भागोजीचा बंदोबस्त झाला, गरज संपली. मार्च १८६१ मध्ये पलटण मोडली. थोडे पोलिसात गेले, बाकीचे नांगराला. ज्यांच्या हाती सरकारनं स्वतः हत्यार दिलं होतं, त्यांच्यावर सतरा वर्षांनी शस्त्र कायदा आला.

१८७८ चा हा कायदा लॉर्ड लिटनच्या काळातला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना हवा, युरोपियनाला सूट. काँग्रेस या कायद्याविरुद्ध ठराव करत राहिली, पण तो राहिलाच. पिकं राखायला म्हणून परवाना मिळायचा, पण साहेबाची मर्जी सांभाळून. ज्याची कचेरीत ऊठबस होती त्यालाच तो मिळायचा, हे वेगळं सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, १९६२ पासून लागू झाला. त्याचं कलम १३ जरूर वाचा. त्यात वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला संरक्षण किंवा खेळासाठी परवाना द्यायची तरतूद आहे. आणि पिकाच्या रक्षणासाठी? ठासणीची बंदूक! ती पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी गुळगुळीत नळीची. रायफलला सबळ कारण द्यायचं. आता जोडबंदूक यात कुठं बसवणार? एक नळी सोप्या रांगेत, दुसरी अवघड रांगेत. माझ्या मते इथंच शेतकऱ्यापुरता तिचा निकाल लागला. जगात १८५० च्या आसपास मागं पडू लागलेलं हत्यार आपल्या शेतकऱ्याला १९५९ मध्ये ‘पुरेसं’ ठरवलं गेलं.

त्यावर १९८० च्या दशकात खासगी बंदुकांची आयात जवळजवळ बंद झाली. आधी आलेल्या परदेशी बंदुका तेवढ्या हातोहात फिरत राहिल्या आणि त्यांच्या किमती श्रीमंतांच्या झाल्या. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. खरं तर आता एकीत दोन कामं करणारी बंदूक सोयीची, पण ती आणायची कुठून?

आणि मारणार तरी काय? वन्यजीव कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीचा परवाना हा प्रकारच संपला. ससा मारला तरी गुन्हाच. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा बंदूक परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय देता येत नाही. राजूरच्या पश्चिमेची कितीतरी गावं यात येतात. शिकारबंदी मला मान्य आहे, सरळ सांगतो. भेकर आणि शेकरू आज दिसतात ते त्यामुळे. पण डुकराचं काय? २०१५ ला राज्यानं रानडुक्कर आणि रोही मारायच्या परवानगीची पद्धत ठरवली. अर्ज करा, वनाधिकारी परवानगी देईल. मारायचं मात्र परवान्याच्या बंदुकीनं, आणि परवाना मिळायची वाट किती अरुंद हे वर लिहिलंच आहे. म्हणून बहुतेक जण पंचनाम्याची वाट बघतात.

ज्यांच्या घरी आजोबांच्या नावची ठासणीची बंदूक वारसानं चालत आली आहे, त्यांची आणखी एक गंमत. निवडणूक लागली की तपासणी समिती परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगते. विधानसभेचं मतदान २०१९ ला २१ ऑक्टोबरला होतं आणि २०२४ ला २० नोव्हेंबरला. ज्यांना सूट मिळाली नसेल त्यांची बंदूक ठाण्यात, आणि भात शिवारात.