पगार, पारध आणि स्थलांतर : वाशीमच्या बालाघाटातील दोन हिशेब

'पगार' हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला. 'मजुरी' आणि 'शिकार' हे शब्द फारसीतून आले, 'बदली' मूळ अरबी असून फारसीच्या वाटेने आली. 'पारध' मात्र घरचीच आहे. संस्कृत 'पापर्द्धि' या शब्दातील आदिस्थानी नसलेल्या पकाराचा रकार होऊन 'पारद्धी' हे रूप सिद्ध होते, असे बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात स्वतंत्र सूत्र करून सांगितले आहे, आणि आपली 'पारध' ही तिचीच लेक होय. शब्दांच्या अशा वंशावळीवरून समाजाचा इतिहास रचू पाहणे धोक्याचे असते, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने तरी विसरता कामा नये. तथापि येथे व्यवहारातील एक भेद मात्र खरोखरच शब्दांत उतरला आहे. साहेब शिकारीला जात असे आणि त्याची बदली होत असे. पारधी पारध करीत असे आणि त्याच्या जाण्यायेण्याला 'भटकणे' म्हणत. एकाच माळावर, एकाच काळवीटामागे धावणाऱ्या या दोघांपुढे वस्तुतः एकच प्रश्न होता : जेथे पैसा कमी पण जनावर अधिक, तेथे जावे की न जावे? जुन्या बासीम जिल्ह्यात या प्रश्नाची दोन उत्तरे कशी निघाली, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बासीम जिल्हा आज नकाशावर नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला, त्यानंतरच्या व्यवस्थेत तो निर्माण झाला आणि १९०५ साली मोडला गेला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे आणि पुसद यवतमाळकडे गेले. १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेला आजचा वाशीम जिल्हा त्याचा वारस असला, तरी त्याच्या सीमा निराळ्या आहेत. वऱ्हाडचे पयानघाट आणि बालाघाट असे दोन भाग फार पूर्वीपासून मानले जातात. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, कापसाची, दाट वस्तीची जमीन म्हणजे पयानघाट. तिच्या दक्षिणेचा उंचवटा म्हणजे बालाघाट. बासीम जिल्हा या बालाघाटात मोडत असे. त्याचे क्षेत्र २,९४९ चौरस मैल होते. वाशीम तालुक्यातील पठार सुपीक, पण मंगरूळ व पुसदकडे हलक्या गवताच्या बुटक्या टेकड्यांची रांगच रांग. हवा मात्र साऱ्या वऱ्हाडात येथली चांगली समजत, कारण उन्हाळ्यात दिवसभर झळा लागल्या तरी रात्री गार वारा सुटे. हलके गवत, विरळ वस्ती आणि मोकळा माळ ही शेतकऱ्याच्या दृष्टीने उणीव होती. काळवीट, ससा, तितर, बटेर आणि तणमोर यांच्या दृष्टीने तोच स्वर्ग होता.

साहेबाचा हिशेब प्रथम पाहू, कारण तो सोपा आहे आणि लिहून ठेवलेला आहे. फोर्सिथचे मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील पुस्तक १८७१ साली आणि स्टर्नडेलचे सिवनीवरील पुस्तक १८७७ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही वऱ्हाडच्या शेजारच्या मुलखाविषयी असली, तरी मध्य हिंदुस्थानातील आडवळणाच्या ठाण्यावर काम करणाऱ्या अधिकाऱ्याचे मन समजून घेण्यास ती पुरेशी आहेत. अशा ठाण्यावर समाज नाही, क्लब नाही, बढतीची वाट लांब. परंतु हिवाळी दौरा आहे, तंबू आहे, घोडा आहे आणि तंबूपासून हाकेच्या अंतरावर जनावर आहे. शिकार ही येथे पगाराची भरपाई होती असे म्हणावयास हरकत नाही. मायदेशी जो आनंद जमीनदारालाच परवडे, तो येथे मध्यम वेतनाच्या कप्तानाला जवळजवळ फुकट मिळे.

फुकट म्हणजे कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न या पुस्तकांतून क्वचितच उपस्थित होतो. दौऱ्यावरील अधिकाऱ्याच्या छावणीला गवत, लाकूड, दूध, कोंबड्या यांची रसद गावाने पुरवावयाची आणि हाक्याला माणसेही गावानेच द्यावयाची. हा भार नवा नव्हता. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दौऱ्यावरील राजपुरुषांसाठी गवत, बसावयास कातडी आणि कोळसा पुरविण्यातून दान दिलेल्या गावाला मुक्त केल्याची कलमे वाकाटकांच्या ताम्रपटांत आढळतात. ज्या गावांना अशी सूट मिळाली नाही, त्यांनी काय सोसले असेल याची कल्पना या सुटीवरूनच यावी. हाक्यात जनावराचा माग काढणारा बहुधा पारधीच असे. म्हणजे जी शिकार साहेबाच्या पगाराची पुरवणी होती, तीच पारध्याची एका दिवसाची मजुरी झाली.

आता पारध्याचा हिशेब. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात पारध्यांचे जे पोटभेद दिले आहेत, ते बहुतांशी साधनांवरून व धंद्यावरून पडलेले आहेत : बंदूक वापरणारे शिकारी पारधी, फास लावणारे फासेपारधी, चित्ता बाळगणारे चितापारधी, जात्यांना टाकी लावत गावोगाव फिरणारे टाकणकार. त्यांची बोली ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीच्या नवव्या खंडात, १९०७ साली, भिल्ली गटात घातली गेली आणि तिचा सांधा गुजरातीशी जुळतो. शतकानुशतके मराठी मुलखात राहूनही घरची बोली टिकली, याचा अर्थ हे लोक गावाच्या कडेला राहिले, गावात नव्हे. पण कडेला राहणे म्हणजे गावाच्या व्यवहाराबाहेर असणे नव्हे, आणि माझ्या मते आजवरच्या लेखनात हाच मुद्दा पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत लोहमार्ग पयानघाटातून नागपूरला पोहोचला. पुढे अकोला, खामगाव, अमरावती आणि बालाघाटाच्या उंबरठ्यावरील कारंजा येथे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने निघाले. वेचणीच्या हंगामात खालच्या खोऱ्यात मजुरीचे दर चढत आणि बाहेरून माणसे येत. अर्थशास्त्राच्या साध्या नियमाने पाहता फासेपारध्यानेही फास गुंडाळून खाली उतरावयास हवे होते. काही उतरलेही असतील. पण जे बालाघाटातच राहिले, त्यांना आळशी ठरविणे ही त्या काळच्या अहवालांची सवय होती. ती आपण उचलण्याचे कारण नाही.

कारण हा हिशेब हंगामाचा होता. कापसाची वेचणी कार्तिकापासून पुढे चालते. नेमक्या याच दिवसांत गवत वाळते, ज्वारी सोंगून झालेल्या वावरांत तितर-बटेर दाणे टिपावयास उतरतात आणि काळवीटांचे कळप उभ्या रब्बीवर पडतात. वेचणीची मजुरी घ्यावयाची म्हणजे वर्षातील पारधीचे उत्तम महिने सोडावयाचे. ज्याला दोन्ही साधता येतील असा हा व्यवहार नव्हता.

शिवाय पारधीचे उत्पन्न मांसापुरते नव्हते. हरिणांचा कळप रात्रीतून हरभऱ्याचे वावर साफ करतो. त्या कळपाला आवरणारा माणूस कास्तकाराला हवाच असे. फासेपारधी शिकवलेल्या बैलाच्या आडून हळूहळू कळपाजवळ जाई, फासांची ओळ मांडी आणि जनावरे तिच्याकडे वळवी; बंदुकीचा बार नाही, पिकात धावपळ नाही. अशा ठिकाणी त्याला शिकारही मिळे आणि शेतकऱ्याकडून दाणेही. जेथे माळ अधिक तेथे कळप अधिक. जेथे कळप अधिक तेथे त्याची गरज अधिक. पयानघाटात सारा माळ नांगराखाली गेलेला. तेथे तो केवळ एक मजूर होता, आणि तोही संशयित. बालाघाटात त्याला हुन्नर होता.

मंगरूळपीर तालुक्यातील एका पारधी बेड्यावर बोलीच्या नोंदी घेत असताना मी एका वृद्धाला त्यांच्या घराण्याने जुनी जागा का सोडली, तेथे रोज किती मिळत असे, असे विचारले होते. रोजाचा आकडा त्याने सांगितलाच नाही. पाणी किती लांब, पडीत किती, आणि पाटलाचा स्वभाव कसा, या तीन गोष्टी त्याने सांगितल्या. प्रश्नावलीत 'उत्पन्न' या रकान्यात काय लिहावे हे मला त्या दिवशी कळले नाही. चूक रकान्याची होती.

तथापि या निवडीचे कौतुक करण्याच्या भरात तिची दुसरी बाजू झाकू नये. रान हा दुष्काळातला विमा असतो, अशी एक समजूत आपल्या लेखनात आढळते. बासीमचा अनुभव तिला दुजोरा देत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हा जिल्हा इतका खचला की १८९१ ते १९०१ या दशकात त्याची लोकसंख्या सुमारे ११ टक्क्यांनी घटून साडेतीन लाखांवर आली. पाऊस गेला की ज्वारी जाते, ज्वारीबरोबर मजुरी जाते. पण गवतही जाते आणि गवतामागे हरीणही जाते. हलक्या जमिनीच्या मुलखात तराजूची दोन्ही पारडी एकदमच रिकामी होतात. पारध निवडणाऱ्याने अधिक सुरक्षित जिणे निवडले नव्हते. त्याला स्वतःचे म्हणता येईल असे निवडले होते.

या निवडीला सर्वांत मोठा धक्का पर्जन्याने नव्हे, कायद्याने दिला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ च्या सुधारित रूपाने सर्व प्रांतांना लागू करता येऊ लागला. ज्या जमातींची त्याखाली नोंद झाली, त्यांना हजेरी आणि जागा सोडण्यासाठी परवाना आला. ज्यांची झाली नाही, त्यांच्यावरही पारधी या नावाची सावली पडली. १९१२ च्या कायद्याने काही पशुपक्ष्यांच्या शिकारीला बंदीचा हंगाम आला. आता साहेब बदलीचा अर्ज करू शकत होता. पारध्याचे जागा बदलणे हाच आरोप होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी जमातींवरील तो शिक्का विधिपूर्वक पुसला गेला. पोलीस ठाण्याच्या बोलीतून तो शब्द गेला, असे कोणी म्हणणार नाही.

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. गावाच्या गुरचराईची 'ई-क्लास' जमीन अतिक्रमणाने आक्रसत गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले. जनावरे पकडण्याच्या परवान्याची तरतूद मूळ कायद्यात होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकली. काळवीट संपत आले होते आणि त्याला वाचविणे आवश्यक होते, याविषयी वाद नाही. परंतु ते संपविण्यात फासाचा वाटा किती, बंदुकीचा किती आणि नांगराचा किती, हे मोजून दंड ठरविला गेला नाही. आज सोयाबीनच्या वावरांत रोही आणि रानडुक्कर शिरले, की जिल्ह्यातील शेतकरी नुकसानभरपाईचा अर्ज करतो. ज्याला तो पूर्वी दाणे देऊन बोलावीत असे, तो आता त्याच वावरात रोजाने निंदणीला असतो.

२००० साली कारंजा-सोहोळ अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र १८.३२ चौरस किलोमीटर, मुख्यतः काळवीटासाठी. सहा वर्षांनी, २००६ साली, वननिवासींच्या हक्कांना मान्यता देणारा कायदा संमत झाला. चराई, गौण वनोपज, मासे, पाणी, भटक्या समाजांना हंगामी वापरासाठी लागणारी साधने, असे कित्येक परंपरागत हक्क त्याच्या तिसऱ्या कलमात मोजले आहेत. शेवटी, इतरही जे परंपरागत हक्क उपभोगले जात असतील ते सर्व, असे म्हणून तेथेच एक अपवाद केला आहे : वन्य प्राण्यांची शिकार करण्याचा किंवा त्यांना फासात धरण्याचा हक्क वगळून.