इंदूरची एक दिवाळी

नगराच्या आरोग्याचा प्रश्न निघाला की आपल्या मनात प्रथम कायदा येतो, मागोमाग खर्चाचा अंदाज येतो. आणि नागरिक आलाच, तर सर्वांत शेवटी तक्रारदार म्हणून येतो. सरकारी सेवेत आयुष्य घालविणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सवय विशेष जडलेली असते. तिचे मोल काय पडते, हे प्लेगच्या इतिहासातील दोन शहरांकडे पाहिले असता ध्यानात येते.

पहिले शहर पुणे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला आणि अधिकाऱ्यांच्या हाती जवळजवळ अनिर्बंध सत्ता आली. रँडसाहेबांच्या देखरेखीखाली गोरे सोजीर घरांची झडती घेऊ लागले. देवघर, माजघर, काहीच वर्ज्य उरले नाही. हेतू साथ आवरण्याचा होता. पण रोगी हाच गुन्हेगार ठरल्यासारखा झाल्यावर लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत असता १० मार्च रोजी स्वतः प्लेगला बळी पडल्या आणि टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यासाठी खटपट केली. म्हणजे सेवेची वृत्ती समाजात होती. सरकारच्या धोरणात मात्र तिला जागा नव्हती.

दुसरे शहर होळकरांचे इंदूर. वीस वर्षांनंतर, १९१७ साली, तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने नगररचनेच्या सल्ल्यासाठी पॅट्रिक गेडिस यांना पाचारण केले. हे मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. मुंबईत १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टने सुधारणेच्या नावाखाली दाट वस्त्या पाडल्या होत्या आणि उठविलेले गरीब शेजारच्या गल्ल्यांत अधिकच दाटीने राहू लागले होते. घरे सरसकट पाडण्याची ही रीत गेडिस यांना मान्य नव्हती. अगदी मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, तेथे मोकळी जागा व झाडे ठेवावीत आणि बाकीची वस्ती जागच्या जागी सुधारावी, असे त्यांचे मत होते. तरीही नकाशे घेऊन हिंडणाऱ्या या गोऱ्या पाहुण्याची रहिवाशांना धास्तीच वाटे.

ती धास्ती घालविण्यासाठी त्यांनी दिवाळीचा आश्रय घेतला. महाराजांकडून एका दिवसापुरता अधिकार मागून घेऊन त्यांनी जाहीर केले, की यंदाची मिरवणूक रूढ मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरील घरे अधिक स्वच्छ व डागडुजी केलेली असतील, त्या रस्त्यांवरून ती जाईल. कचरा फुकट वाहून नेण्याची सोयही करण्यात आली. मग काय विचारता! आळीआळीत चुरस लागली. अंगणे, कोठारे, माळे झाडले गेले. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत दाखवून दिले होते. तेव्हा या झाडलोटीने उंदरांचे आश्रयस्थानच हलले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस व प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि अखेर त्यांचे दहन झाले. पण सर्वांत अर्थपूर्ण दृश्य होते ते सफाई कामगारांचे. स्वच्छ नवे कपडे घालून, गळ्यात हार घेऊन ते मानाने चालत होते.

त्यानंतर प्लेग ओसरला. त्याचे सारे श्रेय मिरवणुकीला देणे शास्त्राला धरून होणार नाही, कारण ही साथ ऋतुमानाप्रमाणेही ओसरते. परंतु जी घरे पुण्यात सोजिरांना बंद होती, त्यांतील अडगळ इंदुरात लोकांनी आपण होऊन बाहेर काढली, हा फरक लहान नाही. पुण्यात लोकांकडून आज्ञापालन अपेक्षिले गेले. इंदुरात मिरवणुकीचा मार्ग काही अंशी त्यांच्या हाती दिला गेला.

तरीही एक शल्य उरतेच. मिरवणुकीतला मान म्हणजे मसलतीतले आसन नव्हे. ज्यांनी शहराची घाण उपसली, त्यांच्या स्वतःच्या वस्तीला पाणी किती, वाट कशी, मजुरी काय, हे ठरविताना त्यांना कोणी विचारावे, ही गोष्ट एका दिवसाच्या हारांनी साधत नाही. आरोग्यातील समता तर नेमकी तेथेच सुरू होते. कारण साथ प्रथम शिरते ती ज्यांचा आवाज कचेरीपर्यंत पोचत नाही अशांच्या घरी.

१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. २०१७ साली राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरच पहिले आले, हा योगायोग मोठा रम्य आहे. पण त्या समित्यांच्या बैठकीत झाडूवाली बाई बोलते काय, आणि ती बोललेले टिपणीत उतरते काय, हा प्रश्न अखेर टिपणी लिहिणाऱ्याच्या हाती असतो. आणि ती लेखणी पुष्कळदा आपलीच असते.