तळघरातले 62 तास

मे 1952. लंडनमधल्या स्ट्रँडवरून तुम्ही किंग्ज कॉलेजात शिरता आणि जिना उतरून तळघरात येता. कशालाही हात लावू नका, क्ष-किरणांची नळी चालू आहे. क्ष-किरणांपासून जपण्याचे नियम अजून आजच्याइतके कडक झालेले नाहीत.

यंत्राजवळ उभ्या आहेत त्या रोझलिंड फ्रँकलिन. वय 31. पॅरिसमध्ये क्ष-किरणांनी कोळशाची अंतर्रचना तपासण्यात मुरलेल्या, गेल्या वर्षी इथं आलेल्या. सोबत त्यांचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग.

या कॅमेऱ्यात भिंग शोधू नका. ताणून बसवलेला एक धागा आणि पलीकडे फिल्म, एवढंच. धागा आहे डीएनएचा, वासराच्या थायमस ग्रंथीतून बर्नच्या रुडॉल्फ सिग्नर यांनी काढलेल्या. डीएनए ओला असताना काडी टेकवून उचलली, की पाकासारखी त्याची तार निघते. खरी करामत मात्र पुढं आहे. मिठाच्या द्रावणातून हायड्रोजनचे बुडबुडे सोडून फ्रँकलिन कॅमेऱ्यातली हवा हवी तितकी दमट ठेवतात. साधारण 75 टक्के आर्द्रतेला धाग्याचं एक रूप मिळतं, ते 'ए'. 92 टक्क्यांना तोच धागा पाणी पिऊन लांब होतो, ते 'बी'. आधीच्या चित्रांत ही दोन्ही रूपं एकमेकांत मिसळून सगळा गोंधळ व्हायचा.

आता थांबा. 62 तास.

फिल्म धुऊन झाली. ठिपक्यांची ठसठशीत फुली, वर-खाली काळ्या कमानी. रेणूचं चित्र म्हणून तिच्याकडे पाहू नका. हा किरणांच्या विखुरण्याचा नकाशा आहे आणि तो उलटा वाचायचा असतो. फिल्मवर जे जवळ, ते रेणूत दूर. फुली सांगते, रचना गोल जिन्यासारखी सर्पिल आहे. ठिपक्यांच्या ओळींवरून एका वेढ्याची उंची निघते 34 अँगस्ट्रॉम, कमानींवरून दोन पायऱ्यांतलं अंतर 3.4. म्हणजे वेढ्याला दहा पायऱ्या. चौथी ओळ जवळजवळ गायब, हा दोन पदर असल्याचा इशारा.

या चित्राला 51 क्रमांक मिळतो आणि फ्रँकलिन ते बाजूला ठेवून 'ए'कडे वळतात, कारण त्यात मोजण्यासारखे ठिपके जास्त आहेत. इथंच त्या चुकल्या, असं अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही.

30 जानेवारी 1953ला या. फ्रँकलिन बर्कबेक कॉलेजला निघाल्या आहेत, चित्र गॉसलिंगकडून किंग्जमधले त्यांचे सहकारी मॉरिस विल्किन्स यांच्याकडे आलंय, आणि विल्किन्स ते केंब्रिजमध्ये डीएनएची रचना शोधू पाहणाऱ्या जेम्स वॉटसनला दाखवतायत. फ्रँकलिन यांना न विचारता. हा प्रसंग इतका रंगवला जातो, की पुढचा झाकला जातो. काही दिवसांतच केंब्रिजमध्ये वॉटसनचा जोडीदार फ्रान्सिस क्रिक याच्या हातात एक सरकारी अहवाल पडतो. त्यात 'ए' रूपाच्या स्फटिकाची सममिती दिलेली आहे, फ्रँकलिन यांनी मोजलेली. त्यावरून क्रिक ओळखतो, की दोन पदर विरुद्ध दिशांना धावतात. 51 क्रमांकाच्या चित्रानं हे सांगितलेलं नव्हतं. ज्या 'ए'पायी फ्रँकलिन यांनी वेळ घालवला म्हणतात, त्यातूनच हे आलं.

25 एप्रिल 1953च्या 'नेचर'मध्ये डीएनएवर तीन लेख आहेत. पहिला वॉटसन-क्रिकचा, तिसरा फ्रँकलिन-गॉसलिंगचा. 51 क्रमांकाचं चित्र तिसऱ्यात आहे. तो अंक हाती आला, तर तिसऱ्यापासून वाचायला घ्या.