दोनशे वर्षे न कुजलेले तरंगते घर

१/ नामपूर-बागलाणात जुने घर उतरवले की मातीच्या भिंती मातीला मिळतात. सागाच्या तुळया मात्र नव्या घरात पुन्हा चढवल्या जातात. हेच लाकूड, अहोरात्र माणसे राहत असलेल्या जहाजाच्या पोटात किती टिकेल? याचे उत्तर मुंबईच्या गोदीत बांधलेले एक जहाज आजही देत आहे.

२/ आधी अडचण समजून घेऊ. जहाज बाहेरून लाटांशी झुंजते. पण अनेकदा ते आतूनच खचते. माणसांचे श्वास, ओले कपडे, स्वयंपाकाची वाफ हे सारे बंद तळमजल्यात कोंडते आणि लाकडाला बुरशी धरते. १८१० साली इंग्लंडात पाण्यात उतरवलेले 'क्वीन शार्लट' हे ओकचे युद्धजहाज मोहिमेवर जाण्यापूर्वीच कुजले होते!

३/ ओकची आणखी एक खोट म्हणजे त्यातील टॅनिन आम्ल लोखंड खाते. खिळा गंजला की फळी, दार, फडताळ सारेच खिळखिळे होते. सागातील नैसर्गिक तेल मात्र बुरशीला अटकाव करते आणि लोखंडालाही सांभाळते. शिवाय साग ओलीने फारसा फुगत वा आकसत नाही. त्यामुळे सांधे घट्ट राहतात.

४/ पश्चिम किनाऱ्यावरील कारागिरांना ही पारख पिढ्यान्‌पिढ्या होती. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले. त्यांचे नातू जमशेटजी बोमनजी यांनी ब्रिटिश नौदलासाठी मलबारी सागाचे 'त्रिंकोमाली' हे फ्रिगेट बांधले. त्याचे पहिले आराखडे १८१२ मध्ये 'जावा' या जहाजाबरोबर गमावले गेले. त्यामुळे काम लांबले. अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले.

५/ इंग्लंडात पोहोचल्यावर ते पाव शतक राखीव ताफ्यात पडून होते, पण उघडे नव्हे! वर छप्पर घालून त्याचे पावसापासून रक्षण केले गेले. दीर्घायुष्याचे श्रेय देताना सागाइतकेच हे छप्परही लक्षात ठेवावे.

६/ १८९७ मध्ये ते विकले गेले आणि 'फूद्रोयां' या नावाने प्रशिक्षण जहाज बनले. १९८६ पर्यंत तरुणांच्या तुकड्या त्यावर राहून दर्यावर्दी जीवन शिकत, कापडी झोळ्यांत निजत. म्हणजे ज्या वयात बहुतेक जहाजे सरपण झालेली असतात, त्या वयात हे जहाज वसतिगृह होते. पुढे त्याची डागडुजी झाली. आज ते हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे आणि त्यातील बराचसा साग मूळचाच आहे.

७/ या टिकाऊपणाची किंमत कोणी मोजली? नौदलाला साग मिळावा म्हणून १८०६ साली कॅप्टन वॉटसन यांना मलबारात वनरक्षक नेमले गेले. सागावर मक्तेदारी लादली गेली आणि जमीनमालकांना स्वतःच्या झाडालाही हात लावता येईना. असंतोष वाढला आणि १८२३ मध्ये मन्रो यांच्या कारकिर्दीत ती व्यवस्था रद्द झाली. १८४० च्या दशकात निलंबूर येथे कॉनोली यांना साग मुद्दाम लावावा लागला, कारण जंगल आता पुरेनासे झाले होते.

८/ म्हणून 'त्रिंकोमाली'चे चित्र पाहाल तेव्हा वाडियांच्या हातांबरोबर मलबारचे ते तोडलेले वनही आठवा. जहाज अजून उभे आहे. ते वन मात्र तसे उरले नाही.