विराट मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आणि जुन्नर परिसराचे अर्थकारण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

पुणे जिल्ह्याच्या आधुनिक आर्थिक इतिहासाची मांडणी करताना सामान्यतः साखर कारखाने, धरणे व औद्योगिक वसाहती यांचाच विचार होतो. शेळगावसारख्या इंदापूर तालुक्यातील गावातून पाहता ते स्वाभाविकही आहे. भवानीनगरचा कारखाना व बारामतीची औद्योगिक वसाहत यांनी या पट्ट्यातील मजुरी, पतपुरवठा व वाहतूक यांचे स्वरूप पालटले. तथापि जिल्ह्याच्या उत्तर भागात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे अशी एक संस्था उभी आहे की, तिने काय आणले यापेक्षा तिच्यामुळे काय येऊ शकले नाही, यावरून तिचा आर्थिक परिणाम अधिक उमगतो. प्रस्तुत निबंधात या परिणामाचा विचार केला आहे.

दुर्बिणीची उभारणी :

डॉ. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६५ मध्ये कल्याण येथे व १९७० मध्ये उटी येथे रेडिओ दुर्बिणी उभारल्या. त्यानंतरचा मोठा प्रकल्प म्हणजे खोडदची दुर्बीण, अर्थात जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती क्षेत्रात, तर उर्वरित १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारातील तीन भुजांवर आहेत. सर्वांत दूरच्या अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर बसविलेली बारीक तारेची जाळी वापरल्याने वाऱ्याचा भार व खर्च दोन्ही घटले. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते दुर्बिणीचे लोकार्पण झाले.

जागेच्या निवडीत अर्थकारणाचे बीज आहे. पुणे-मुंबईशी संपर्क राहील इतके जवळ, शहरांचा रेडिओ-गोंगाट पोहोचणार नाही इतके दूर, आणि डोंगरांची आड असलेले ठिकाण हवे होते. म्हणजेच औद्योगिकीकरणाचा अभाव हीच या भूमीची पात्रता ठरली.

लाभ आणि मर्यादा :

बांधकामाच्या काळातील मजुरी, वाहतूक, नंतरची देखभाल, सुरक्षा व कार्यशाळेतील कामे यांतून रोजगार मिळाला. परंतु साखर कारखान्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही. कारखाना ऊस घेतो, म्हणून शेकडो गावे त्याच्याशी बांधली जातात. दुर्बीण गावाकडून कोणताच कच्चा माल घेत नाही. दुर्बिणीचा निरीक्षणकाळ जगभरातील शास्त्रज्ञांना प्रस्तावाच्या गुणवत्तेवर मिळतो, त्यामुळे त्यातूनही स्थानिक उत्पन्न नाही. नारायणगावची द्राक्षे व टोमॅटोची बाजारपेठ यांमागे कुकडी प्रकल्पाचे पाणी आहे. या समृद्धीचे श्रेय दुर्बिणीला देणे इतिहासाला धरून होणार नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त खोडदला येणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे गावास ओळख मिळते, हे मात्र मान्य केले पाहिजे.

दुसरी बाजू निर्बंधांची आहे. उच्चदाब वाहिन्यांवरील ठिणग्या, मोबाईल मनोरे व यंत्रसामग्री यांच्या लहरींपुढे आकाशातून येणारा संकेत अत्यंत क्षीण असतो. त्यामुळे परिसरात उद्योग उभारताना दुर्बिणीच्या दृष्टीने ना-हरकतीचा प्रश्न येतो. याच पुणे-नाशिक मार्गावरील चाकण मोटार उद्योगाचे केंद्र झाले. जुन्नर मात्र शेतीप्रधान राहिले. याला दुर्बीण हे एकमेव कारण नव्हे. पुण्यापासूनचे अंतर व बागायती जमीन यांचाही त्यात वाटा आहे. अमेरिकेत ग्रीन बँक वेधशाळेभोवती १९५८ मध्येच विस्तीर्ण रेडिओ-शांतता क्षेत्र घोषित झाले होते. म्हणजे हा पेच केवळ आपल्याकडचा नाही.

रेल्वेच्या प्रश्नाने तो उघड झाला. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर या बाजूने जाणाऱ्या पुणे-नाशिक लोहमार्गाची मागणी जुनी आहे. २०२५ मध्ये केंद्रीय रेल्वेमंत्र्यांनी दुर्बिणीला बाधा येईल म्हणून हा मार्ग व्यवहार्य नसल्याचे आणि अहिल्यानगर-शिर्डी बाजूने पर्याय असल्याचे सांगितले. जुन्नर, आंबेगाव व संगमनेर भागांतून त्यास विरोध झाला. नाशवंत टोमॅटो पिकविणाऱ्या शेतकऱ्याला रेल्वे म्हणजे दूरची बाजारपेठ. त्याचा आक्षेप विज्ञानविरोधी ठरविणे अन्यायाचे होईल. दुर्बिणीच्या भांडवली खर्चाचा हिशेब राष्ट्राच्या खात्यावर मांडला जातो. गमावलेल्या संधीचे मोल मात्र तालुक्याच्या खात्यावर पडते आणि त्याची नोंद कोठेच होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते दुर्बीण हलविता येणार नाही आणि हलवूही नये. परंतु शांततेचे मूल्य मागणाऱ्या शासनाने शीतगृहे, प्रक्रिया-सुविधा व रस्ते यांच्या रूपाने ते चुकते करावयास हवे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होत आहे. तिला कंपनांपासून मुक्त भूमी लागते. तेथील गावांशी हा हिशेब आधीच मांडण्याची संधी अद्याप आहे.