ज्वराच्या रकान्यातील माता

मृत्यूची नोंदवही प्रथमदर्शनी निर्विकार वाटते. गाव, वय, लिंग, कारण, बस, एवढेच. परंतु हे रकाने कोणी आखले आणि कोणी भरले, असे विचारू लागलो की त्यातून समाज दिसू लागतो. भंडारा जिल्ह्यातील मातामृत्यूंकडे आम्ही याच वाटेने पाहू इच्छितो.

१९१८ साली भंडारा मध्य प्रांतात होता आणि १९९९ मध्ये वेगळा झालेला गोंदिया तेव्हा त्याचाच भाग होता. त्या वर्षी पावसाने दगा दिला. धानाच्या मुलखात याचा अर्थ उपासमार. त्याच सुमारास इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट आली. रेल्वेमार्गांनी ती देशभर पसरली, आणि बंगाल-नागपूर रेल्वे तर या जिल्ह्यातूनच जात होती. बहुतेक अभ्यासकांच्या मते हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे दगावली. मध्य प्रांत हा सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता.

गावातील जन्ममृत्यूची वर्दी कोतवाल देत असे. तो वैद्य नव्हता. पटकी, देवी, प्लेग ही कारणे त्याला ओळखता येत. उरलेले बहुतेक मृत्यू ‘ज्वर’ या रकान्यात जात. हिवतापाचा ज्वर तोच, इन्फ्लुएन्झाचा तोच, आणि सुईणीच्या अस्वच्छ हातांनी बाळंतिणीस जडलेला ज्वरही तोच. म्हणजे माता म्हणून मेलेली स्त्री कागदावर केवळ तापाने मेलेली स्त्री उरली.

तरीही आकडे काही सुचवितात. अनेक देशांत या साथीत पुरुष अधिक दगावले. हिंदुस्थानात स्त्रियांचा मृत्युदर अधिक होता. ऐन प्रजननाच्या वयातील माणसे अधिक मेली आणि १९१९ मध्ये जन्मनोंदी लक्षणीयरीत्या घसरल्या. याची कारणे केवळ विषाणूत शोधून भागणार नाही. सर्वांच्या मागून जेवणारी, रक्त कमी असलेली, घरातल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी बसणारी स्त्री स्वतः आजारी पडली की तिच्या उशाशी कोण बसणार? अमेरिकेत १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इन्फ्लुएन्झा झालेल्या १,३५० गर्भवतींपैकी सुमारे २७ टक्के दगावल्याचे आढळले. येथे तशी पाहणी झाली असती, तर निष्कर्ष याहून सौम्य निघाले असते असे मानणे कठीण आहे.

शतकानंतर कोविड आला. मुंबईच्या नायर रुग्णालयातील नोंदींनुसार बाधित गर्भवती व बाळंतिणींतील मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होते, दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के. गर्भवतींना लस घेण्याची मुभा मिळाली ती २ जुलै २०२१ रोजी, म्हणजे ती लाट ओसरत आल्यावर. एरवी घरोघरी जाऊन गरोदर स्त्रियांची विचारपूस करणाऱ्या आशा कार्यकर्त्या त्या काळात साथीच्या सर्वेक्षणातही गुंतल्या होत्या. लाखांदूर वा पवनीच्या खेड्यातील अडलेल्या बाईस निर्णय, वाहन आणि उपचार या तिन्ही ठिकाणी होणारा विलंब नवा नव्हता. साथीने तो वाढविला.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके गेली आणि सारा देश हळहळला. ते मृत्यू एका रात्री, एका कक्षात घडले, म्हणून दिसले. मातांचे मृत्यू एकेकटे घडतात. वाटेत, घरी, दूरच्या नागपुरात. त्यांची बातमी होत नाही.

आज गरोदरपणात किंवा प्रसूतीनंतर ४२ दिवसांत साथीने बळी घेतलेली स्त्री ‘अप्रत्यक्ष मातामृत्यू’ म्हणून मोजावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कोतवालाच्या वहीत हा रकानाच नव्हता. आज तो आहे. मात्र नोंद करणाऱ्याने ती गरोदर होती का, एवढे विचारले नाही, तर तो रिकामाच राहतो. इतिहासाच्या वाचकाने रिकामा रकाना म्हणजे घटनेचा अभाव असे समजू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे.